एकदा डेंगू झाला की पोरगं 'पक्कं' होते म्हणतात, खरं आहे का? (सासूबाईंशी वाद चालू आहे)

मानेवाड्याची_सून
मंगळवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, जरा डोकं खाते, पण घरात यावरून रोज संध्याकाळी भांडण होऊन राहिलं म्हणून विचारते. मागच्या सप्टेंबरात माझ्या मुलाला (वय ९) डेंगू झाला होता, चार दिवस अ‍ॅडमिट होता, प्लेटलेट्सचा रिपोर्ट येईपर्यंत माझा जीव टांगणीला. यावर्षी परत आमच्या गल्लीत दोन घरी डेंगू निघालाय. मी त्याला फुल बाह्यांचा शर्ट घालूनच खेळायला सोडते, ओडोमॉस लावते, तर सासूबाई म्हणतात, "काहून त्याले गरमीत कोंबतं वं, त्याले झाला नं मांगच्या साली, आता त्याचं आंग पक्कं झालं, आता काय होते त्याले." आणि कूलर अजून काढलेला नाही, टाकीत दोन इंच पाणी तसंच आहे, ते वेगळंच.

मी म्हटलं असं नसते. तर सासरे म्हणाले असंच असते, देवीची लस नाही का गाईच्या रोगापासून केली, एक रोग दुसऱ्याला अडवतेच. त्यांची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे, ते म्हणतात झाडालेही ताण दिल्याशिवाय ते तयार होत नाही. आता यावर मी काय बोलू? मी बीकॉम आहे. गाईचा रोग माणसाच्या रोगाला अडवतो तर डेंगू डेंगूला काऊन नाही अडवणार? कोणी नीट समजावून सांगेल का, व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड नको.

तर्रीपोहा
मंगळवार, रात्री १०:३१

ताई, आजी बरोबर बोलून राहिल्या. आम्ही लहानपणी नाल्यात पोहलो, मातीत लोळलो, हापशीचं पाणी प्यालो, काही झालं नाही. आजकालचे पोट्टे बिसलेरी पितात अन दर महिन्याला आजारी. शरीराला सवय पाहिजे बस.

बुटीबोरी_लॅब
मंगळवार, रात्री ११:०५

मी मायक्रोबायोलॉजीवाली आहे, फूड टेस्टिंगमध्ये काम करते, डॉक्टर नाही हे आधीच सांगते. पण या प्रश्नावर गप्प बसवत नाही.

ताई, तुमचा वाद तुम्ही जिंकलात, आणि सासूबाईंचं म्हणणंही पाव हिस्सा खरं आहे. पाव म्हणजे अक्षरशः पाव, कारण डेंगूचे व्हायरस चार आहेत. चार सख्खे भाऊ समजा, चेहरे इतके सारखे की लांबून फरक कळत नाही. मुलाला मागच्या वर्षी त्यातला एक होऊन गेला, तो एक आता त्याला आयुष्यात बहुतेक परत त्रास देणार नाही. बाकीच्या तिघांपासूनही थोडे महिने आडोसा मिळतो, हे १९४० च्या दशकात साबिन यांनी (तेच पोलिओच्या थेंबांवाले) माणसांवर प्रयोग करून दाखवलं होतं. पण तो आडोसा काही महिन्यांत विरतो, आणि मग उलटंच होतं.

होतं असं की पहिल्या वेळेस तयार झालेल्या अँटिबॉडीज दुसऱ्या भावाला ओळखतात, पण अर्धवट. त्याचा हात धरतात, बांधून ठेवू शकत नाहीत. आणि आपल्या पांढऱ्या पेशींना सवय अशी की अँटिबॉडीनं कोणाला धरलं दिसलं की दोघांना मिळून आत घ्यायचं, खाऊन टाकायला. डेंगूला तेच पाहिजे असतं, तो त्याच पेशींमध्ये वाढतो. म्हणजे चोराला पोलिसानंच हात धरून घरात नेऊन सोडलं. म्हणून दुसऱ्या वेळचा डेंगू पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचा होऊ शकतो.

क्युबात हे सगळ्यात स्पष्ट दिसलं. तिथं १९७७ ला एक नंबरचा डेंगू येऊन गेला, लोक तापले आणि बरे झाले. १९८१ ला दोन नंबरचा आला आणि १५८ माणसं गेली, त्यातली बरीच लेकरं. परत १९९७ ला दोन नंबर आला, तेव्हा एक नंबर होऊन वीस वर्षं झाली होती, तरीही त्याच लोकांना जड गेला. म्हणजे आडोसा काही महिन्यांत संपतो, आणि ही अर्धवट ओळख वीस वर्षं टिकते. मला स्वतःला ही गोष्ट शिकताना रात्रभर झोप आली नव्हती.

दर दुसऱ्या डेंगूवाल्याचं असंच होतं असं नाही बरं का, बहुतेक जण बरेच होतात. पण "पक्कं झालं" म्हणून ओडोमॉस बंद करायचं कारण नाही.

खामला_स्टार
मंगळवार, रात्री ११:२०

मले २ वर्षांआधी चिकनगुनिया झालता, अजून सकाळी बोटं वळत नाही. मी सेफ आहे ना डेंगूपासून?? मच्छर तं एकच आहे

बुटीबोरी_लॅब
मंगळवार, रात्री ११:२४

मच्छर एकच, व्हायरसचं खानदान वेगळं. काही संबंध नाही, दोन्ही एकदम पण होऊ शकतात. सॉरी.

महालकर_आजोबा
बुधवार, सकाळी ६:४०

माझं वय ७८. ताई, तुमच्या सासऱ्यांनी देवीचं उदाहरण दिलं म्हणून लिहितो, कारण ती गोष्ट मी पाहिलेली आहे. आमच्या महालात देवी डॉक्टर यायचा, सगळी पोरं माडीवर लपायची. फिरकीसारखं यंत्र दंडावर ठेवून कचकन फिरवायचा. माझ्या डाव्या हातावर दोन गोल वण आहेत, रुपयाएवढे, नातू विचारतो की आजोबा हे काय. आमच्या शेजारी एक बाई होत्या, देवी येऊन गेलेल्या, चेहऱ्यावर एक सेंटिमीटर जागा सपाट नव्हती आणि एक डोळा गेला होता. आजच्या माणसांनी तसा चेहरा पाहिलेला नाही, हीच लसीची पावती.

इंग्लंडच्या डॉक्टर जेन्नरनं १७९६ ला गवळणीच्या हातावरच्या फोडातलं पाणी एका आठ वर्षांच्या मुलाला टोचलं, हे सर्वांना पाठ आहे. पण ते आपल्याकडं कसं पोचलं ते गमतीचं आहे. तेव्हा फ्रीज नव्हता, लस जहाजात वाळून मरायची. म्हणून एकाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडावर, असं करत करत बगदाद, बसरा आणि मग मुंबई. १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली, ती भारतातली पहिली. तिच्या दंडावरून मग पुढे पुण्याला वगैरे. भारतातली देवी १९७५ ला संपली, जगातून गेल्याचं १९८० ला जाहीर झालं.

आता माझा प्रश्न लॅबवाल्या मुलीला. गोस्तन देवी, म्हणजे गाईची देवी, हीसुद्धा देवीची बहीणच ना? मग इथं बहिणीनं वाचवलं आणि तिथं भावानं मारलं, हे कसं?

बुटीबोरी_लॅब
बुधवार, सकाळी ९:१५

काका, हाच खरा प्रश्न आहे, धाग्याच्या शीर्षकात हाच पाहिजे होता.

देवीचा व्हायरस मोठा, अंगावर ओळखण्याच्या खुणा भरपूर, आणि त्यातल्या पुष्कळ खुणा गाईच्या देवीशी जशाच्या तशा जुळतात. त्यामुळं शरीर एकीला शिकलं की दुसरीला नुसतं ओळखत नाही, घट्ट बांधतं. शिवाय देवीच्या व्हायरसला अँटिबॉडीनं पेशीत नेऊन काही फायदा होत नाही. डेंगूचं दोन्ही बाबतीत उलटं: पकड सैल, आणि जिथं ओढून नेतात तेच त्याचं घर. सारखेपणा तोच, पण पकड घट्ट की सैल यावर सगळं ठरतं.

आणि काका, तुमचे ते दोन वण अजून कामाचे आहेत. मंकीपॉक्स, ज्याला आता एमपॉक्स म्हणतात, त्याच खानदानातला. आफ्रिकेत ८० च्या दशकात पाहिलं तेव्हा देवीची लस घेतलेल्यांना त्यापासून साधारण ८५ टक्के संरक्षण दिसलं होतं. देवी गेली, लस बंद झाली, नवीन पिढीच्या दंडावर वण नाहीत, आणि मंकीपॉक्सला मोकळं रान मिळालं.

खामला_स्टार
बुधवार, सकाळी ९:३०

आजोबा रॉक्स 🔥 आम्हाले वण नाही तं आमचं काय

तर्रीपोहा
बुधवार, सकाळी १०:०२

वण आहे ना बे, डाव्या दंडावर बीसीजीचा. करोनात सगळे म्हणत होते की भारतात बीसीजी आहे म्हणून आपल्याला काही होत नाही. तेही गाईच्या टीबीपासूनच केलंय ना. आता म्हणाल तेही खोटं.

जुना_जीपी
बुधवार, दुपारी २:४८ (पेशंट संपले, डबा खाता खाता लिहितोय)

खोटं नाही, अर्धं आहे. थोडं लांबेल.

बीसीजी काल्मेट आणि गेरँ या दोघांनी केली. गाईच्या टीबीचा जंतू घेऊन बटाट्यावर, पित्तात भिजवून, दर तीन आठवड्यांनी नवीन बटाट्यावर, असं तेरा वर्षं, २३० वेळा. जंतू जिवंत पण दात पडलेला. १९२१ ला पॅरिसमध्ये पहिल्या बाळाला दिली. लहान मुलांच्या मेंदूच्या टीबीपासून आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून ती चांगलं वाचवते, म्हणून जन्मल्याबरोबर देतो आपण. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीसाठी मात्र १९६८ पासून तामिळनाडूत चेंगलपट्टूला प्रचंड मोठी चाचणी झाली आणि पंधरा वर्षांनी उत्तर आलं की उपयोग नाही. त्याचं एक स्पष्टीकरण या धाग्याच्या विषयातलंच आहे: आपल्या मातीत पाण्यात टीबीचे कितीतरी निरुपद्रवी चुलतभाऊ असतात, माणूस मोठा होईपर्यंत त्यांच्याकडूनच जे शिकायचं ते शिकून बसलेला असतो, मग बीसीजीला शिकवायला नवीन उरतच नाही. म्हणजे तर्रीपोहा भाऊ, तुमच्या नाल्यातल्या पोहण्यात इतकं तथ्य आहे. इतकंच. त्याच नाल्यातून कावीळ आणि टायफॉइडही येतो, आणि जे गेले ते इथं "आम्हाला काही झालं नाही" लिहायला येत नाहीत.

पण बीसीजी कुष्ठरोगापासूनही बऱ्यापैकी वाचवते, हे आपल्या विदर्भात सांगायला पाहिजे. आनंदवन वरोऱ्याला, दत्तपूर वर्ध्याला, या रोगानं आपल्याकडं काय केलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना कळेल. टीबी आणि कुष्ठरोग, दोन्ही एकाच कुळातले जंतू. आणि मूत्राशयाच्या कॅन्सरला आजही बीसीजी थेट मूत्राशयात सोडतात, तिथं ती नुसती आरडाओरडा करून पेशींना जागं करते.

त्या आरडाओरड्यावरूनच करोनाचा भाग आला. नेदरलँड्सचे मिहाई नेटेआ यांनी दाखवलं की बीसीजीनंतर शरीरातल्या पहिल्या फळीच्या पेशी, ज्यांना आपण 'लक्षात न ठेवणाऱ्या' समजत होतो, त्या काही महिने जास्त तरतरीत राहतात, कुठलाही जंतू आला तरी. पश्चिम आफ्रिकेत गिनी-बिसाऊला कमी वजनाच्या बाळांमध्येही असं काहीसं दिसलं होतं. म्हणून करोनात आशा वाटली, मलाही वाटली होती. पण दवाखान्यात काम करणाऱ्या हजारो लोकांवर नीट चाचणी झाली, उत्तर २०२३ ला छापून आलं: करोनापासून संरक्षण नाही. भारतात बीसीजी सगळ्यांना होती आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये नागपुरात काय झालं ते मला कोणी सांगू नये. मी इथंच होतो.

मानेवाड्याची_सून
बुधवार, दुपारी ३:१०

डॉक्टरसाहेब 🙏 मीही इथंच होते.

सासूबाईंना डेंगूचं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, बरं, डेंगूचं असन तसं, पण गोवर तर येऊन गेलेला बरा, आंगातली सगळी घाण निघून जाते. आता हे?

जुना_जीपी
बुधवार, दुपारी ३:२२

गोवरबद्दल तर अजिबात नाही. गोवर परत होत नाही हे खरं, पण तो जाता जाता बाकीच्या रोगांची आठवण पुसून जातो. नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं, २०१९ ला छापून आलं, इतर रोगांविरुद्धच्या अँटिबॉडीज ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत गेलेल्या होत्या. पाटी पुसल्यासारखं. म्हणून गोवरानंतर वर्ष दोन वर्षं पोरं न्यूमोनियानं, जुलाबानं जातात, आणि घरचे म्हणतात गोवर तर कधीच बरा झाला होता. घाण निघत नाही वहिनी, शिकलेलं निघून जातं. गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस झाले ना मुलाचे? कार्ड बघा.

काटोलचा_बागाईतदार
बुधवार, रात्री ९:५०

राजेहो, दिवसभर बागेत होतो, आता वाचलं सगळं. माणसाचं डॉक्टर सायेब सांगतील, झाडाचं मी सांगतो. ताई, तुमच्या सासऱ्यांची बाग काटोलले आहे म्हंता, तं आपण शेजारीच निघालो.

पयले ताणाचं. आंबिया बहार घ्याचा असला की डिसेंबरात पाणी तोडा लागते. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त, कारण ती पाणी सोडतच नाही लवकर. सकाळी सकाळी बागेत जाऊन पान पाहाचं, दुपारी तं सगळेच पानं सुकल्यावानी दिसते, पण सकाळी सात वाजता पान मलूल दिसलं, हातात घेतलं की चामड्यासारखं लागलं, थोडी पानगळ झाली, म्हणजे ताण बसला. मंग जानेवारीत हलकं पाणी, अन पंधरा वीस दिवसात फूल फुटते, साऱ्या बागेत वास. पण हे झाड पक्कं नाही होत राजेहो, झाड घाबरते. त्याले वाटते आता आपलं काही खरं नाही, तं फूल काढून घेते. मी चार वर्साआधी लालच केली, आठ दिवस जास्त ताणलं, फूल लय आलं, पण तीस झाडाले शेंडेमर लागली अन पावसाळ्यात त्याच झाडाले डिंक्या. बुडापासी सालीतून डिंक गळून राह्यला, बोर्डो मलम लावून लावून हात निळे झाले, अकरा झाडं गेली. म्हणजे एका ताणानं दुसऱ्या रोगाले दार उघडलं. सासऱ्याले सांगा.

हां, रोपाचं वेगळं. शेडनेटमधलं कलम एकदम उन्हात लावलं तं करपते, म्हणून आठ पंधरा दिवस हळूहळू नेट काढा लागते, पाणी थोडं कमी करा लागते, पान जाड होते, मंग ते ऊनबी सहन करते अन वाराबी अन पाण्याचा खंडबी. तिथं सासरे बरोबर. हळूहळू अन मापात.

आता व्हायरसचं. संत्र्याले ट्रिस्टेझा नावाचा व्हायरस असते, काळा मावा पसरवते. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ उदासी, झाडच उदास दिसते. ब्राझीलमधी यानं लाखो झाडं मारले, कारण त्यायचे कलम आंबट संत्र्याच्या खुंटावर (म्हंजे खालच्या मुळाकडच्या झाडावर) होते अन डोळ्याच्या जोडाखालची साल मरून मुळाले अन्नच भेटे नाही. आपल्याकडं जंबेरीचा खुंट, तो ट्रिस्टेझा सहन करते, पण डिंक्या सहन नाही करत. एक वाचवाले जा तं दुसरं. तं ब्राझीलवाल्यायनं काय केलं, मेलेल्या बागेत जे दोन चार झाडं हिरवे उभे होते, त्यायले पाहिलं. ते झाडं बिनरोगी नव्हते, त्यायच्यातबी व्हायरस होताच, पण सौम्य. त्याच झाडाचे डोळे काढून पेरा जातीच्या संत्र्यावर बांधले, म्हणजे मुद्दाम सौम्य व्हायरस घालून. अन १९८० पर्यंत अशे ८० लाख झाडं उभे केले. आपल्याकडं कर्नाटकात कागदी लिंबावर असं करून पाह्यलं होतं. हे मले अमरावती रोडच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत एका मेळाव्यात कळलं, तवापासून डोक्यात बसलं.

अन आता रडगाणं. हे ऐकून एका नर्सरीवाल्यानं (नाव नाही घेत) मले मांगच्या साली 'मंद व्हायरस टोचलेले' कलमं देतो म्हणून कलमामागं चाळीस रुपये जास्त घेतले. मी इचारलं कोणता स्ट्रेन, कोठून आणला, तपासला कोणं? तं म्हणते, काका, तुम्ही लावा तं खरं. दोनशे कलमं लावले, त्यातले साठ पिवळे पडले. रोगमुक्त कलम घेतले असते तं बरं झालं असतं.

बुटीबोरी_लॅब
बुधवार, रात्री १०:३३

दादा, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. साठ कलमांचं वाईट वाटलं.

तुम्ही स्ट्रेन विचारलात तोच बरोबर प्रश्न होता. झाडात अँटिबॉडी नसते. सौम्य व्हायरस आधी येऊन बसला की झाड त्याच्या नमुन्याचे तुकडे करून ठेवतं आणि तसाच दुसरा आला की त्याचेही तुकडे पाडतं, शिवाय पेशीत आधीच बसलेला व्हायरस दुसऱ्याला शिरू देत नाही. एसटीच्या सीटवर रुमाल टाकल्यासारखं. पण हा रुमाल फक्त आपल्याच जातवाल्याला अडवतो, ट्रिस्टेझाचा दुसरा प्रकार आला तर तो रुमाल उचलून बसतो. म्हणून ब्राझीलचा सौम्य स्ट्रेन काटोलला चालेलच असं नाही, आणि उगाच कुठला तरी टोचला तर आपणच रोग पसरवला. १९२९ ला मॅककिनी नावाच्या माणसानं हे पहिल्यांदा तंबाखूवर पाहिलं, हिरव्या मोझॅकवाल्या (मोझॅक म्हणजे पानावर चट्टे पाडणारा व्हायरस) झाडाला पिवळा मोझॅक टोचला तर लागेना.

माणसात पण हे रुमाल टाकणं चालतं, पण फार थोडे दिवस. २००९ ला स्वाईन फ्लू आला तेव्हा स्वीडन, फ्रान्समध्ये शाळा उघडल्यावर साध्या सर्दीची साथ आली आणि फ्लू मागे ढकलला गेल्यासारखा दिसला. नंतर प्रयोगशाळेत श्वासनलिकेच्या पेशींवर करून पाहिलं, आधी सर्दीचा व्हायरस टाकला तर पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडतात (हे १९५७ ला सापडलं, नावच 'अडथळा' यावरून) आणि फ्लूला वाढायला जमत नाही. पण ते काही दिवसांचं. म्हणून कोणी मुद्दाम सर्दी करून घेऊ नका.

तर्रीपोहा
बुधवार, रात्री १०:५०

म्हणजे शेवटी सगळं 'डिपेंड करते' असंच ना. मग इतकं लिहायची काय गरज

बुटीबोरी_लॅब
बुधवार, रात्री ११:१५

कशावर डिपेंड करते तेच तर लिहून राहिले ना भाऊ 😄

बरं, तुमच्यासाठी तुमच्या विषयातलं, खाण्यातलं. हे मी रोज बघते. जंतूंनाही हाच फायदा मिळतो आणि तिथं नुकसान आपलं. साल्मोनेला एकदम कडक आंबटात टाकला तर मरतो. पण आधी थोडा वेळ किंचित आंबटात ठेवला, मग तो कडक आंबट तर सहन करतोच, उष्णता आणि मीठही जास्त सहन करतो. १९९३ पासून माहीत आहे हे. एकाच ताणानं तो दुरुस्तीची सगळी अवजारं बाहेर काढून बसतो, मग कोणता का ताण येईना. उष्णतेचं पण तसंच, पंचेचाळीस अठ्ठेचाळीस अंशाला अर्धा तास कोमट ठेवलेला जंतू नंतर जास्त गरम सहन करतो.

आता सावजीचा कालचा रस्सा आठवा. पातेलं बाहेरच, सकाळी गॅसवर ठेवला, कडेनं बुडबुडे आले, 'झाला गरम' म्हणून उतरवला, मध्ये बोट घातलं तर कोमट. परत दुपारी तसंच. तुम्ही जंतूंना मापात ताण देऊन राहिले, काटोलच्या दादांनी शेडनेटमधून कलम काढावं तसं. उकळायचा तर खळखळ उकळा, नाहीतर रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा.

तर्रीपोहा
बुधवार, रात्री ११:२१

आता सावजी पण सोडा 😐

खामला_स्टार
गुरुवार, सकाळी ८:०५

आणि सिकलसेल? आमच्या कॉलेजात कॅम्प झालता, म्हणे सिकलसेलवाल्याले मलेरिया होत नाही

जुना_जीपी
गुरुवार, सकाळी ८:४०

हे नीट लिहितो कारण चुकीचं पसरतं. सिकलसेल हा रक्ताचा दोष जन्मजात आहे, एक आजार होऊन गेल्यामुळं दुसरा टळतो असं नाही. ज्याला एकाच पालकाकडून जीन आलंय, म्हणजे वाहक, त्याला जिवावर बेतणाऱ्या मलेरियापासून चांगलं संरक्षण असतं, १९५४ ला ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवलं. मलेरिया होतो, पण जड जात नाही. गडचिरोली, चंद्रपूरच्या पट्ट्यात हे जीन का टिकलं त्याचं कारण तेच. पण ज्याला दोन्हीकडून आलंय, म्हणजे खरा पेशंट, त्याला मलेरिया उलट जास्त धोक्याचा. त्यानं मच्छरदाणीतच झोपावं. आणि लग्नाआधी दोघांनी तपासणी करा.

खामला_स्टार
गुरुवार, सकाळी ८:५२

ओके सर. लास्ट प्रश्न, मग आपण नागपूरवाले ४५ डिग्रीत राहतो तं आपण पक्के झालो ना? पुण्याचा मित्र आला होता मे मध्ये, बर्डीवर एका तासात चक्कर आली त्याले 😂

जुना_जीपी
गुरुवार, दुपारी २:५५

हे मात्र खरं आहे, पण अटी आहेत. रोज उन्हात काम करणाऱ्याचं शरीर एक दोन आठवड्यांत बदलतं, घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, त्यात मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं. पण कूलरमधून एसी कारमध्ये आणि तिथून एसी ऑफिसात जाणारा नागपूरकर आणि पुण्याचा तुझा मित्र, दोघं सारखेच कच्चे. आणि एसीत दोन तीन आठवडे काढले की कमावलेलं बरंचसं जातं. खिशातल्या कांद्याचं मला विचारू नको.

ताणानं ताण सहन होण्याचं आमच्या धंद्यातलं सगळ्यात सुंदर उदाहरण हृदयाचं आहे. १९८६ ला कुत्र्यांवर पाहिलं, हृदयाची रक्तवाहिनी पाच पाच मिनिटं असं चार वेळा बंद करून सोडली आणि मग चाळीस मिनिटं बंद ठेवली, तर जेवढा स्नायू मरायला पाहिजे त्याच्या चौथा हिस्साच मेला. आम्ही शिकत होतो तेव्हा वाटलं, आता हार्ट अटॅकचं कोडं सुटलं. मग माणसांवर दंडाला बीपीचा पट्टा आवळून सोडून बायपासच्या आधी तेच करून पाहिलं, मोठ्या चाचण्या झाल्या, २०१५ ला दोन आणि अटॅकच्या पेशंटवर २०१९ ला एक. काही फरक नाही. कुत्र्यात इतकं स्वच्छ दिसलेलं माणसात का दिसत नाही यावर अजून भांडणं चालू आहेत. पेशंट आला, थांबतो.

मानेवाड्याची_सून
शुक्रवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री जेवताना पूर्ण धागा मोठ्यानं वाचला. सासरे काटोलच्या दादांच्या पोस्टवर दोनदा "हव, हव" म्हणाले आणि तीस झाडांच्या ठिकाणी गप्प झाले, नंतर कळलं त्यांचीही मागे सोळा गेली होती, आम्हाला कोणाला सांगितलं नव्हतं. दादा, त्यांनी तुमचा नंबर मागितलाय, मेसेज करते.

सासूबाईंनी डेंगूचं मान्य केलं असं नाही म्हणणार. पण आज संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर कूलर गच्चीवर उलटा पडलेला, टाकीतलं पाणी तुळशीला. "चार भाऊ हायत म्हंते तुई ती लॅबवाली, मंग तिघं राह्यले नं अजून," इतकंच म्हणाल्या.

बुटीबोरी_लॅब
शुक्रवार, रात्री ९:४१

😀 आजींना नमस्कार सांगा. आणि ताई, पाणी काढून झालं तरी टाकीची कड घासून घ्या हं, आतून पाण्याच्या रेषेच्या थोडं वर. या मच्छराची अंडी भिंतीला चिकटलेली असतात, काळ्या तिळासारखी पण त्याहून बारीक, कोरडी पडली तरी महिनोन्महिने मरत नाहीत, पुढच्या उन्हाळ्यात पाणी लागलं की फुटतात.

मानेवाड्याची_सून
शुक्रवार, रात्री ९:४४

आत्ता? अंधार झालाय. बरं, टॉर्च घेऊन जाते. तारेची घासणी चालेल ना, का पत्रा खराब होईल?

काटोलचा_बागाईतदार
शुक्रवार, रात्री ९:५८

नारळाच्या शेंड्यानं घासा ताई, रंग नाही निघत.